कोड लिहू की टिप्पणी?

लखनौला आम्ही आलो ते नवऱ्याच्या नोकरीमुळे. तो माणकनगरला, रेल्वेच्या आरडीएसओ या संशोधन संस्थेत. मी नागपूरची कंपनी सोडली आणि इथे गोमतीनगरच्या विभूतिखंडात दुसरी शोधली. आलमबागहून मेट्रो, लेखराज मार्केटला उतरून ई-रिक्षा, की ऑफिस. प्रोग्रॅमरचे काम मला आवडते. जीव जायचा तो कामाभोवतीच्या सॉफ्टवेअरने.

टाइमशीटचेच घ्या. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याला प्रोजेक्टचा कोड लावायचा. मुदत संपलेले कोडही यादीत दिसत राहायचे. त्यातला एखादा चुकून निवडला, की 'सेव्ह' दाबल्यावर अख्खा आठवडा कोरा. रजा एका पोर्टलवर, हजेरी दुसऱ्यावर, आणि दोघांचे आपसात बोलणे नाही. त्यामुळे मंजूर रजेच्या दिवशीही 'आपण गैरहजर आहात' अशी मेल यायची. तक्रारीचे तिकीट काढले, तर काही दिवसांनी ते 'समस्या सुटली' असा शेरा मारून आपोआप बंद. ही सॉफ्टवेअरे ज्यांनी विकत घेतली, त्यांना ती कधी वापरावी लागत नव्हती. खरे दुखणे तिथे होते.

अशा वैतागात 2024 साली एका सरकारी खात्याच्या तांत्रिक पदाची परीक्षा दिली आणि निवड झाली. लेव्हल 6, मूळ वेतन 35,400. महागाई भत्ता तेव्हा 50 टक्के होता, म्हणजे घरभाडे भत्ता सोडून 53,100. कंपनीच्या पगारापेक्षा कमी, पण दर सहा महिन्यांनी भत्त्याचा आढावा, दरवर्षी वेतनवाढ आणि मंदी आली म्हणून घरी बसवणारे कोणी नाही.

नागपूरहून सासऱ्यांचा फोन आला, "घे गं, डोळे मिटून घे. पेन्शन असते." त्यांना समजावले, की बाबा, तुमची पेन्शन वेगळी. उत्तर प्रदेशात 1 एप्रिल 2005 पासून लागलेल्यांना राष्ट्रीय पेन्शन योजना. आपले 10 टक्के कापतात, सरकार 14 टक्के घालते आणि पुढे काय मिळेल ते बाजारावर. ते म्हणाले, "तरी सरकार घालतंय ना?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. खासगी भविष्यनिर्वाह निधीत कंपनी यापेक्षा कमीच घालते.

सरकारी टेबलाची पलीकडची बाजू मात्र मी पाहिलेली होती. आमच्या कंपनीकडे एका खात्याच्या पोर्टलचे काम होते आणि त्याच्या प्रशिक्षणासाठी मी जिल्ह्याच्या कार्यालयात जायची. तिथले बाबूजी लाभार्थ्यांची यादी कृतिदेव या फॉण्टमध्ये टाइप करून ठेवत. इकडच्या कार्यालयांत अनेकांची बोटे त्याच कळफलकावर बसलेली. कृतिदेव युनिकोड नाही. कॉम्प्युटरच्या दृष्टीने ती नुसती रोमन अक्षरे असतात. ती आमच्या पोर्टलवर चिकटवली, की नावांच्या जागी अगम्य इंग्रजी अक्षरे उमटत. बाबूजी शांतपणे म्हणाले, "मैडम, रजिस्टर तो है न." आणि खरेच, रजिस्टर होते. ते आधी रजिस्टर भरत, मग वेळ मिळाला तर आमचे पोर्टल. मी टाइमशीटला जे म्हणायची, तेच ते माझ्या पोर्टलला म्हणत असणार.

परत येऊन आम्ही फॉण्ट बदलून देणारे बटण बनवले. काम दोन-चार दिवसांचे. ते प्रत्यक्ष चालू व्हायला महिने गेले, कारण करारात ते बटण नव्हते. खात्याच्या बाजूने ते मार्गी लावायचे काम एका तरुण अभियंत्याकडे होते. शिक्षण माझ्याएवढेच. त्याने ई-ऑफिसवर फाइल उघडली. ई-ऑफिस म्हणजे सरकारी फायलींची प्रणाली, एनआयसी या केंद्राच्या माहिती-तंत्रज्ञान संस्थेने तयार केलेली. त्यात पिवळी टिप्पणी म्हणजे कच्चा मसुदा, तो खोडता येतो. हिरवी टिप्पणी पुढे पाठवली, की कायमची. त्याने हिरवी टिप्पणी लिहिली, ती वर गेली, शंका घेऊन खाली आली, खर्चाचा खुलासा जोडून पुन्हा वर गेली. कामचुकारपणा यात कोणाचाच नव्हता. निविदेत अनेकदा सर्वांत कमी दराला काम दिलेले असते. त्यात नंतर एक ओळ वाढवायची, तर 'का वाढवली' हे लेखापरीक्षणाला दाखवावे लागते. सही करणारा जपून सही करतो.

निवडीचे पत्र हातात आले तेव्हा मला त्या अभियंत्याचे टेबल दिसले. मला मिळणारे पद तेच होते. एनआयसीसारख्या ठिकाणी अजूनही माणसे स्वतः सॉफ्टवेअर लिहितात. माझी निवड झाली त्या खात्यात ते लिहून घेतले जात होते. लिहिणार कोण, तर आमच्यासारख्या कंपनीतली कोणी मुलगी. मी तिच्यासाठी टिप्पण्या लिहायच्या, बैठकीचे इतिवृत्त काढायचे, तिची बिले तपासायची. वाईट सॉफ्टवेअरपासून पळून मी जिथे निघाले होते, तिथे ते सुधारायची इच्छा असूनही हात लावता येणार नव्हता.

मी नकार कळवला. हे मला परवडले, कारण घरात एक सरकारी पगार आधीच येत होता. तो नसता, तर बाबांचे ऐकून मी रुजू झाले असते आणि त्यात काही वावगे नव्हते. आई अजून म्हणते, "हातातली लक्ष्मी घालवलीस." घालवली खरी.

नात्यातली मुले तयारी करताना विचारतात, तेव्हा पगाराचा तक्ता मी सांगतेच. पण सोबत एवढेही सांगते, की ऑफिसच्या सॉफ्टवेअरचा वैताग आला म्हणून सरकारी फॉर्म भरू नका. तिकडेही लॉगिन आहे, पासवर्ड आहे आणि अडकणारी स्क्रीन आहे. त्या पदावरच्या माणसाचा दिवस कशात जातो, ते आधी जाऊन बघा. कोणाला स्थैर्यासाठी जायचे असेल, तर खुशाल जावे. मला कोड लिहायचा होता, आणि त्या बदल्यात दर शुक्रवारी टाइमशीट भरायची माझी तयारी आहे.