आजीच्या फडताळातली स्वदेशी काच

जुने कॅमेरे झाले, एलपी रेकॉर्ड्स झाल्या, आता पाळी जुन्या काचेची! बुधवारी किंवा रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात एक चक्कर टाका. कुलपं, घड्याळं, पितळी भांडी यांच्या पसाऱ्यात नशीब असेल तर नक्षीचा एखादा ग्लास सापडतो. घासाघीस करण्याआधी नक्षीवरून बोट फिरवा. कडा बोटाला लागल्या तर ती कापलेली नक्षी. धुरकट आणि जेमतेम जाणवली तर एचिंग, म्हणजे आम्लाची करामत.

अमेरिकेतल्या फॉस्टोरिया कंपनीचं नाव झालं ते या एचिंगमुळे. नक्षी कोरलेल्या पाटीवरून मेणाच्या शाईचा ठसा पातळ कागदावर घ्यायचा, तो काचेवर उतरवायचा, उरलेली काच मेणानं झाकायची आणि ग्लास आम्लात बुडवायचा. उघडी राहिलेली काच तेवढी आम्ल खातं. कारखाना १९८६ मध्ये बंद झाला. पण तिथल्या नक्ष्यांना नावं आहेत, कॅटलॉग आहेत. १९२८ ची 'जून' नक्षी शौकीन लोक लगेच ओळखतात.

आणि आपली काच? पुण्याहून लोकलनं तळेगावला जा. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभा केला. लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिलं आणि १९०८ मध्ये तळेगावात काच कारखाना निघाला. जपानमध्ये काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथले तज्ज्ञ. इथे शिकलेले कारागीर पुढे देशभरातल्या कारखान्यांत गेले. कराडजवळ ओगले बंधूंनी १९१६ मध्ये काच कारखाना काढला. त्यांचा प्रभाकर कंदील तर घराघरात पोचला.

पंचाईत अशी, की आपल्या साध्या ग्लासांवर, चिमण्यांवर बहुतेकदा नावच नसतं. कुठून आले, कुणी घेतले, हे फक्त घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक. बाजीराव रोडवरचं केळकर संग्रहालय बघा. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते अशा घरगुती वस्तू जमवल्या, म्हणून आज त्या आपल्याला बघायला मिळतात.

तेव्हा येत्या सुट्टीत आजीचं फडताळ उघडा. प्रत्येक ग्लासाची गोष्ट विचारा, चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी ग्लासातच ठेवा. धुताना मात्र कढत पाणी नको, जुनी काच तडकते!