डावीकडे कोण आहे?

आमच्या टँकवर सकाळी सातच्या बॅचला सगळे ऑफिसवाले. त्यात मी एकटी फ्रीलान्सर, म्हणजे ऑफिस नसूनही कायम घाईत! फ्रीस्टाइल आपल्याला झकास येते असा माझा समज होता. मग डावा खांदा दुखायला लागला. म्हटलं, लॅपटॉपची बॅग असणार. पण ती तर मी उजव्या खांद्याला लटकवते.

शेवटी सरांनी मोबाइलवर माझा व्हिडिओ काढला. बघून मी गारच पडले. उजवा हात कसा ऐटीत, कोपर उंच ठेवून पाण्याबाहेर येतोय. आणि डावा? श्वासासाठी मी मान उजवीकडे वळवली की पुढे लांबवलेला डावा हात पाणी पकडायचं सोडून सरळ खाली दाबला जातोय, टेबलावर टेकून उठावं तसा. का, तर डोकं वर यायला आधार हवा! वर तो मधली रेषा ओलांडून पलीकडे घुसतोय आणि तोल सावरायला पाय कात्रीसारखे फाकतायत. ५० मीटरच्या टँकमध्ये एक किलोमीटर म्हणजे २० वेळा अंतर कापायचं. दर वेळी माझे २५ श्वास. म्हणजे रोज ५०० वेळा भार त्याच बिचाऱ्या खांद्यावर.

"पण सर, फेल्प्स?" मी लगेच पत्रकारिता पाजळली. मायकल फेल्प्सची फ्रीस्टाइल तरी कुठे दोन्हीकडे सारखी होती? घोड्याच्या दौडीसारखी, एका बाजूला झोका घेणारी. तिला 'गॅलप'च म्हणतात. केटी लेडेकीचीही तशीच, आणि तिने ८०० मीटरचं ऑलिंपिक गोल्ड २०१२ ते २०२४ सलग चारदा नेलंय.

सर हसले. "त्यांचा पुढचा हात पाणी धरून असतो. ते झोका घेतात, तू बुडू नये म्हणून धडपडतेस. डावीकडे श्वास घेऊन दाखव बरं."

नाही जमलं. नाकातोंडात पाणी. आणि खरं सांगू? चक्क भीती वाटली. सातवीच्या सुट्टीत गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून मी पोहायला शिकले. बाबा पायरीवर बसायचे, आणि मी त्यांना उजव्या हाताला ठेवूनच हातपाय मारायची. मान वळवली की बाबा दिसले पाहिजेत! बाबांना जाऊन चार वर्षं झाली. मान अजून तिकडेच वळते.

आता रोज दहा मिनिटं फक्त डावीकडून श्वास. नंतर दर तिसऱ्या हाताला, म्हणजे आपोआप बाजू बदलते. स्पीड पार गेलाय. शाळकरी पोरं मागे टाकून जातात, इगोचं काय होतं ते विचारू नका. खांदा मात्र कमी कुरकुरतो.

काल पहिल्यांदा न घाबरता डावीकडे वळले. शेजारच्या लेनमधले काका नेमके उजवीकडून श्वास घेणारे. दोघांची तोंडं एकदमच पाण्याबाहेर, समोरासमोर! काका दचकले. पुढच्या वेळी हसले. त्यांच्या हसण्यानं मी पुन्हा पाणी प्यायले.