ढाळजेची जागा

लातूर



मराठवाड्यातल्या जुन्या वाड्याचे दार थेट घरात उघडत नाही. लातूर-नांदेडकडे दारातून आत पाऊल टाकले की आधी ढाळज लागते. मधून चौकाकडे जाणारी वाट, तिच्या दोन्ही अंगांना बसते वट्टे आणि वर माळवद. आल्यागेल्याने इथे टेकावे, तांब्याभर पाणी प्यावे, कामाचे बोलावे. घरातल्यांचा वावर आत चौकात बिनघोर चालू राहतो. मोठ्या दाराच्या फळीत लहान दिंडी असते. दार लावलेले असले तरी माणूस तिच्यातून वाकून आत येतो. चौकटीजवळच्या भिंतीत दिवळी असते. पडक्या वाड्यातही तिच्या वरच्या दगडावर दिव्याची काजळी अजून दिसते.

ढाळज गारही असते. उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर गेला तरी जाड दगडी भिंती आणि मातीचे माळवद ऊन आत येऊ देत नाहीत. पण याच भिंती-माळवदाचा भार जीवघेणा ठरला. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला आणि मातीत रचलेल्या भिंती माळवदासह झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. नंतर वसवलेल्या गावांत 250, 400 आणि 750 चौरस फुटांची घरे सरळ रांगांत उभी राहिली. ती हलकी व मजबूत होती, पण त्यांना ढाळज नव्हती. पुढे अनेकांनी दारापुढे पत्र्याची छपरी टाकली, वट्टा बांधला. ज्याची गरज होती ते लोकांनी स्वतः जोडून घेतले.

नव्या घरात ढाळज बांधायची तर भार टाळून तिचे काम तेवढे घ्यावे. सुरुवात जमिनीपासून होते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसत्या टेकवलेल्या पायऱ्या वर्षा-दोन वर्षांत घरापासून सुटतात. म्हणून पायऱ्यांखालची काळी माती काढून तिथे मुरूम भरून धुम्मस करावा. पायरी सहा इंच उंच आणि फूटभर रुंद असली की म्हाताऱ्या गुडघ्यांना झेपते. एका बाजूला कठडा हवा. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. फरशी खरबरीत शहाबादी असावी. गुळगुळीत चकचकीत फरशीवर पहिल्याच पावसात पाय घसरतो.

दाराची मोकळी रुंदी साडेतीन फूट असली की धान्याचे पोते, कपाट आणि आजारी माणसाची खाट विनाअडथळा आत जाते. दार भिंतीच्या कोपऱ्यापासून निदान दोन फूट दूर असावे आणि दारांच्या वरच्या पातळीवर घरभर सलग काँक्रीटचा पट्टा फिरवावा; भूकंपात भिंती त्याने एकत्र धरल्या जातात. दारावर दोन-अडीच फुटांचा छज्जा हवा, पण त्यावर विटांचा जड कठडा रचू नये. उंबरा असावा, मात्र ठेच लागणार नाही इतका बसका. नवी सून माप ओलांडते, पोळ्याला बैल ओवाळतात, दिवाळीत पणती लागते, ते सारे याच उंबऱ्याशी.

आत येण्याचा क्रम नांदेडच्या सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात रोज हजारो माणसे पाळतात: आधी जोडे काढायचे, मग पाय धुवायचे, मग आत जायचे. घरातही तसेच असावे. दाराबाहेर नळ, पाय धुण्याचा दगड आणि चिखल खरवडायला लोखंडी पट्टी. काळ्या मातीचा चिकट चिखल नुसत्या पायपुसण्याला हटत नाही. पाण्याचा ओघळ परसातल्या झाडाकडे काढावा. टंचाईच्या मुलखात तेवढेही पाणी वाया घालवू नये. आत सहा फूट बाय पाच फुटांची जागा पुरते. तिथे दीड फूट उंच वट्टा, त्याखाली चपलांचा कप्पा, भिंतीला छत्री व पिशवीसाठी खुंट्या, किल्ल्या आणि चष्म्यासाठी दिवळीसारखा कोनाडा, कोपऱ्यात पाण्याचा माठ. वाटेत मात्र काहीही ठेवू नये, कारण संकटात घरातले सगळे याच वाटेने बाहेर धावतात. दिव्याचे बटण दार उघडताच हाताला लागावे आणि एक दिवा पायरीवर पडावा.

तुझ्या नांदेडच्या घराचा नकाशा पक्का होण्याआधी या सहा बाय पाच फुटांच्या जागेवर पेन्सिलने खूण करून घे. जागा कमी पडली तर दिवाणखाना थोडा लहान कर, पण दारात आलेल्या माणसाला बसायला जागा ठेव.

तुझा मामा