दुधाचे वीस दात

दाढ काढून झाली, की आम्ही दातांचे डॉक्टर रोग्याला एक ठराविक वाक्य सांगतो : "हा बोळा अर्धा तास घट्ट चावून धरा, रक्त थांबेल." अलिबागच्या माझ्या दवाखान्यात हे वाक्य मी गेली अठरा वर्षे सांगत आले आहे. थळ-नवगावच्या कोळणींना सांगितले, बाजारपेठेतल्या शेटजींना सांगितले, आणि शनिवार-रविवारी मुंबईहून हवा खायला येणाऱ्या व नेमका तोच मुहूर्त साधून ज्यांचा दात ठणकतो, अशा पाहुण्यांनाही सांगितले. ते खोटे पडल्याचे प्रसंग इतके थोडे, की सांगताना माझे लक्ष बहुधा बाहेर बसलेल्या पुढच्या रोग्याकडे असते.

माझ्या घरात मात्र एक माणूस असे आहे, की ज्याला हे वाक्य लागू नाही. तो माझा मुलगा. वय वर्षे बारा. त्याला हिमोफिलिया आहे.

पूर्वी आळीत आग लागली, की विहिरीपासून घरापर्यंत माणसे रांगेने उभी राहत आणि बादली हातोहात पुढे जाई. रक्त गोठण्याचे काम असेच चालते. एक घटक दुसऱ्याला जागे करतो, दुसरा तिसऱ्याला. रांगेतला एक गडी जागेवर नसला, की बादली तिथेच अडते. माझ्या मुलाच्या रक्तात 'फॅक्टर आठ' नावाचा गडी जवळजवळ नाहीच. शेकडा एकाहूनही कमी. साधारण पाच हजार मुलग्यांत एकाला हा रोग जन्मतः असतो. लोकांना वाटते, की अशा मुलाला टाचणी टोचली तरी रक्ताची धार लागेल. तसे होत नाही. रक्त इतरांइतक्याच वेगाने येते. ते थांबत नाही, एवढेच. आणि खरी भीती दिसणाऱ्या रक्ताची नसतेच. मूल धावते, उड्या मारते, आणि गुडघ्याच्या किंवा घोट्याच्या सांध्यात आतल्या आत रक्त साचू लागते. सांधा सुजतो, तापतो, मूल रात्रभर विव्हळते. पुन्हा पुन्हा तेच झाले, तर सांधा कायमचा आखडतो.

आम्हाला हे २०१४ साली कळले. मूल रांगायला लागले आणि गुडघ्यांवर निळे डाग दिसू लागले. सासूबाईंनी दृष्ट काढली. एका शेजारणीने, "फार धसमुसळेपणानं घेता का हो त्याला?" असे विचारले, ते मी अजून विसरलेली नाही. पुढे मुंबईला परळच्या के. ई. एम. रुग्णालयात तपासण्या झाल्या आणि रोगाचे नाव कागदावर उमटले.

नाव कळले, की दुसरा प्रश्न येतो : हे आले कोठून? याचे उत्तर घराघरांत एकच ठरलेले असते : आईकडून. शास्त्रही अर्धवट तेच म्हणते. हा दोष 'एक्स' या गुणसूत्रावरून येतो. आईच्या दोन गुणसूत्रांपैकी एक चांगले असल्याने तिचे निभावते, पण ते दुसरे मुलाच्या वाट्याला आले, तर त्याला आधार नसतो. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचा मुलगा लिओपोल्ड १८८४ साली एका साध्या पडण्याने गेला, तो याच घराण्यातल्या रोगाने. आणि राणीच्या मुली-नातींबरोबर तो युरोपातल्या राजवाड्यांत पसरला. पण राणीच्या माहेरी हा रोग कोणाला असल्याचे सापडत नाही! सुमारे एकतृतीयांश घरांत तो असाच, मागचा कोणताही माग नसताना, नव्याने उपजतो.

हे मी सासरी समजावून सांगितले, माहेरीही सांगितले. तरी माझी आई महिनाभर नीट जेवली नाही. तिला स्वतःपेक्षा माझ्या धाकट्या बहिणीची काळजी. बहिणीचे लग्न ठरत होते. मुलाकडच्यांना सांगायचे की नाही, यावर माझ्या माहेरी दोन तट पडले. मी म्हटले, आधी रक्त तपासा, मग भांडा. तपासण्या झाल्या. दोष माझ्यात निघाला. आईत नाही, बहिणीतही नाही. म्हणजे आमच्या घरातली व्हिक्टोरिया मीच! बहिणीने निकाल स्वतः मुलाकडच्यांना नेऊन दाखवला. लग्न झाले.

मग सल्ले सुरू झाले. दवाखाना विका, मुंबईला बिऱ्हाड करा, रुग्णालय जवळ बरे. सल्ला गैर नव्हता. गेटवे ते मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असते आणि वडखळ-पेण-पनवेलचा रस्ता शंभर किलोमीटरांचा. वडखळला गाड्या तुंबल्या, तर किती तास लागतील हे कोणी सांगावे? पण खुर्चीचे कर्ज अजून फिटायचे होते, यजमानांची नोकरी इथली, सासूबाईंचा जीव इथल्या वाडीत. आणि मुंबईत नवा दवाखाना थाटून पहिली पाच वर्षे माशा मारायच्या, तर औषधाचे पैसे कोठून आणायचे? आम्ही राहिलो.

राहायचे, तर शीर शोधता आली पाहिजे, असे तिथल्या डॉक्टरांनी बजावले. फॅक्टर हे औषध शिरेतून द्यावे लागते, आणि सूज दिसू लागण्याची वाट न पाहता, मूल "इथं गुदगुल्या होतात, गरम वाटतं" म्हणताच द्यावे लागते. हजारो हिरड्यांत सुई घातलेला माझा हात. पण दीड वर्षाच्या मुलाच्या गुबगुबीत कोपरात शीर सापडेना. शिकायला चार महिने लागले. हिशेब सोपा आहे. वजनाच्या दर किलोमागे एक युनिट दिले, की रक्तातले प्रमाण शेकडा दोनने वाढते. वीस किलोच्या मुलाला पाचशे युनिट, म्हणजे शेकडा पन्नास. बारा तासांच्या आत त्यातले निम्मे संपते. भरलेला रांजण, पण बुडाला भोक असलेला.

दवाखान्याची घडी मात्र नव्याने बसवावी लागली. शाळेतून फोन केव्हा येईल याचा नेम नाही. म्हणून एक नियम केला : पाच मिनिटांत तात्पुरते बंद करता येणार नाही, असे काम मी एकटी असताना हातात घ्यायचे नाही. दाताची नस साफ करताना मध्येच उठावे लागले, तर आत औषध ठेवून वर कच्चे सिमेंट भरता येते. रोगी दोन दिवसांनी आला तरी बिघडत नाही. पण हाडात रुतलेली अक्कलदाढ अर्धी कापून कोणाला ताटकळत ठेवता येत नाही. ती कामे मी बुधवारी दुपारी ठेवली, तेव्हा यजमान घरी असतात. मिळकत कमी झाली, यात शंका नाही. "डॉक्टरीणबाईंचा दवाखाना कधी उघडा, कधी बंद," अशी गावात बोलवा झाली आणि काही चांगली घरे दुसरीकडे गेली. त्यांना दोष देत नाही. दात दुखत असताना माणसाला दुसऱ्याची कर्मकथा ऐकवत नाही.

पण सगळेच गेले नाहीत. एकदा एक म्हातारी कोळीण खुर्चीत होती. मिश्री लावून लावून हिरड्या काळ्या पडलेल्या, एक दाढ नुसती लटकत होती. मी इंजेक्शन भरते आहे, तोच फोन आला : मुलगा बाकावरून पडला. माझे तोंड पाहून ती स्वतःच उतरली. म्हणाली, "बाय, तू जा पोराकडं. माजा दात काय पलून नाय जात." दुसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखान्याच्या पायरीवर बसलेली होती. दाढ काढली, पैसे घे म्हणून तिनेच हट्ट धरला.

२०१९ साली, सहाव्या वर्षी, मुलाचा खालचा पुढचा दात हलू लागला. इतर आयांना यात गंमत वाटते. मी तर दातांची डॉक्टर, हलणारा दुधाचा दात चिमटीत धरून मूल "आई गं" म्हणायच्या आत काढणारी; पण त्या दाताला मी बोट लावले नाही. हिमोफिलियात दुधाचा दात शक्यतो आपणहून पडू द्यावा. मात्र अर्धवट सुटलेल्या दाताची धार हिरडीला कापते आणि तिथून रक्त झिरपत राहते. तोंडात आणखी एक अडचण असते. लाळेत गुठळी विरघळवण्याची शक्ती असते. म्हणजे आठवा गडी उसना आणून गुठळी बांधली, तरी ती टिकेल याची हमी नाही. त्यासाठी ट्रानेक्सॅमिक ॲसिड नावाचे, गुठळी विरघळू न देणारे औषध आठवडाभर द्यावे लागते. ॲस्पिरिन तर चुकूनही नाही.

जुलैचा महिना, समुद्र खवळलेला, लाँच बंद. दात पडला तो तांदळाच्या भाकरीच्या घासात. फॅक्टर दिला, औषध सुरू केले, बोळा धरायला लावला. दोन तासांत थांबले. तिसऱ्या रात्री उशीवर पुन्हा लाल डाग दिसला. गुठळी सुटली होती. पुन्हा सुई, पुन्हा बोळा. पहाटेपर्यंत मी त्याच्या ओठांकडे बघत बसले आणि सकाळी दहाला दवाखाना उघडला, कारण एका नवऱ्या मुलीच्या पुढच्या दाताची टोपी त्याच दिवशी बसवायची कबूल केली होती. टोपी छान बसली. सासूबाईंनी पडलेला दात रीतीप्रमाणे शेणाच्या गोळ्यात घालून कौलांवर फेकला. मुलाने विचारले, "असे किती पडणार?" मी म्हटले, "वीस." तो म्हणाला, "मग एकोणीस राहिले." हिशेबात तो वडिलांवर गेला आहे.

पुढच्या वर्षी टाळेबंदी आली. मांडव्याची रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि लगेच बंद पडली. दाताच्या यंत्राचे तुषार उडतात, म्हणून दवाखानाही बंद. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या बाजूनेच किनाऱ्यावर चढले. आमच्या वाडीतल्या नारळी-सुपारी आडव्या झाल्या, अर्धी कौले उडाली. सोसाट्यापेक्षा मला भीती वाटली ती मागाहून आलेल्या शांततेची, कारण त्यात फ्रिजचा आवाज नव्हता. फ्रिजमध्ये सहा कुप्या होत्या. दोन ते आठ अंशांत ठेवायच्या. वीज किती दिवसांनी येईल, कोणालाच सांगता येईना. त्या म्हातारीचा मुलगा, फोन लागत नसल्याने, पडलेली झाडे ओलांडत चालत आला. त्याच्या ओळखीच्या एका कारखान्यात जनरेटरवर थोडा बर्फ होत होता. रोज संध्याकाळी तो भुशात गुंडाळलेली एक लादी आणून टाकी. मासळीचा वास आमच्या फडताळाला कित्येक महिने होता.

या सगळ्याने माझ्या दवाखान्यात एक सवय लागली. दात काढण्यापूर्वी, "साखर आहे का, ब्लडप्रेशर आहे का," हे प्रत्येक डॉक्टर विचारतो. मी आणखी विचारते : कापले तर रक्त किती वेळ येते? मामाला, मावशीच्या मुलाला असे काही होते का? मुलींना मासिक पाळीचेही विचारते. त्या लाजतात, आया रागावतात. तीन वर्षांपूर्वी एक कॉलेजातली मुलगी दाढ काढायला आली. पाळीत दहा-दहा दिवस रक्त जाते, असे तिने कुजबुजत सांगितले. मी दाढ काढली नाही, तपासणीला पाठवले. तिला व्हॉन विलेब्रँड नावाचा, हिमोफिलियाच्याच नात्यातला विकार निघाला. हा मुलींनाही होतो. पुढे पूर्वतयारीनिशी तिची दाढ काढली. तिची आई मात्र अजून मला रस्त्यात ओळख देत नाही. मुलीच्या लग्नात याची वाच्यता होईल, अशी तिला धास्ती आहे. माझ्या आईची आठवण येऊन मला तिचा राग येत नाही.

आता शिरेऐवजी त्वचेखाली घ्यायचे नवे औषध निघाले आहे. अमेरिकेत त्याला २०१७ साली मान्यता मिळाली. आठवड्याने, पंधरवड्याने किंवा महिन्यानेही घेता येते. किमतीचा आकडा मात्र अजून आमच्या आवाक्याबाहेरचा आहे. २०१६ च्या कायद्याने हिमोफिलिया अपंगत्वाच्या यादीत आला, म्हणून परीक्षेत सवलती मिळतात. मुलाला त्या नको आहेत. त्याला हवे ते वेगळेच. वर्गातली मुले ओहोटीच्या वेळी चालत कुलाबा किल्ल्यात जाणार आहेत. वाटेत शेवाळलेले खडक. दुधाचे वीसही दात पडून गेले, आता मी लहान नाही, असा त्याचा युक्तिवाद आहे. यजमान म्हणतात, सकाळी फॅक्टर देऊन पाठवावे. सासूबाई म्हणतात, गणपतीचे दर्शन घेऊन येईल, जाऊ दे. मी अजून हो म्हटलेले नाही. त्याने भरती-ओहोटीचे वेळापत्रक आणून दवाखान्यातल्या कॅलेंडरशेजारी चिकटवले आहे, आणि नेमक्या त्या दिवसाभोवती लाल पेन्सिलीने वर्तुळ काढले आहे. तो दिवस बुधवार आहे.