‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे कोठे?

वैशाख लागला, की आमच्या कोल्हापूर भागात वळवाचे दिवस येतात. सकाळपासून अंगाची काहिली, दुपारी झाडाचे पान हलत नाही, आणि तीन-चारच्या सुमारास ढग फुलकोबीच्या गड्ड्यासारखे वर वर चढू लागतात. याच दिवसांत बाजाराला आलेले ओळखीचे शेतकरी राजारामपुरीत माझ्या घरी डोकावतात, आणि चहाबरोबर हवामान खात्याची हजेरी घेतली जाते.

“साहेब, तीन दिस झालं मोबाईलवर पिवळं दाखवतंय,” परवा एक तात्या म्हणाले, “आन् आमच्या रानात नुसता धुरळा. शेंगा खळ्यावर हायत. झाकायच्या तरी किती येळा? आता उघड्याच ठेवल्यात.”

तात्यांचा त्रागा मला पटतो, पण निर्णय पटत नाही. मी त्यांना अंदाजातले वाक्य पुन्हा वाचायला लावले. ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजांचा कडकडाट व सोसाट्याचा वारा.’ तात्यांनी अर्थ घेतला होता, तुरळक पाऊस, म्हणजे चार थेंब. बहुतेक लोक असाच घेतात. पण येथे तुरळक हे पावसाचे विशेषण नव्हे, ठिकाणांचे आहे. हवामान खात्याच्या भाषेत भागातल्या पर्जन्यमापन केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस झाला, तर तो ‘तुरळक ठिकाणी’. २६ ते ५० टक्के म्हणजे ‘काही ठिकाणी’, ५१ ते ७५ टक्के म्हणजे ‘अनेक ठिकाणी’ आणि त्यापुढे ‘बहुतांश ठिकाणी’. थोडक्यात, चार गावांपैकी तीन गावे कोरडी राहिली, तरी अंदाज खरा ठरतो. आणि ज्या एका गावावर ढग फुटतो, तेथे तो हात राखून पडत नाही.

वळीव हा मृगाच्या पावसासारखा सगळीकडे पसरत नाही. त्याचा एकेक ढग काही किलोमीटर रुंदीचा, आयुष्य तासाभराचे. गगनबावड्यापासून शिरोळपर्यंतच्या आपल्या जिल्ह्यात तो नेमक्या कोणाच्या बांधावर उतरणार, हे आदल्या दिवशी सांगता येत नाही. शेजारच्या गावात पडला, याचा अर्थ अंदाज चुकला असा नाही; तुमचा नंबर त्या दिवशी लागला नाही, इतकेच.

आता रंगांचे. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, तांबडा म्हणजे लगेच हालचाल करा. रंग ठरविताना दोन गोष्टींचा मेळ घालतात: नुकसान किती होऊ शकेल आणि ते होण्याचा संभव किती. त्यामुळे मोठे नुकसान पण थोडा संभव, असे असले तरी रंग पिवळाच येऊ शकतो. आपण मात्र पिवळा दिवा चौकातल्या सिग्नलचा समजतो आणि गाडी जोरात काढतो!

रंगाखालची वाऱ्याची ओळही वाचावी. ताशी ३० ते ४० किलोमीटरला वाळवणाची कापडे आणि ताडपत्री उडते. ५० ते ६० लिहिले असेल, तर गोठ्याच्या पत्र्यांचे हूक आणि केळीचे टेकू सकाळीच तपासावेत.

आदल्या दिवशीच्या अंदाजावर एवढी तयारी ठेवावी, आणि दुपारनंतर ताजी सूचना पाहावी. हवामान खाते पुढच्या तीन तासांसाठी जिल्हावार इशारा देते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाईलवरचे साधन आपल्या आसपास वीज पडत असली तर कळविते. घरातल्या शाळकरी पोराला ते सहज उघडता येते.

शेंगा भिजल्या तर दर पडेल, पण मला धास्ती असते ती विजेची. पिवळ्या दिवशीही ती माणूस मारते. लखलखाट झाल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर भांगलण तेथेच टाकून पक्क्या घरात जावे. वाट पाहू नये. पावसाचा थेंब नसतानाही वीज पडते. आंब्याचे झाड, तारेचे कुंपण, मोटारीचा स्टार्टर, यांपासून लांब राहावे. घर गाठता येत नसेल, तर सखल जागी पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे पडू नये. वीज जमिनीतून पसरते, आणि दोन पायांत जितके अंतर जास्त तितका धक्का मोठा. झाडाखाली बांधलेली म्हैस अशीच जाते. तिच्या पुढच्या-मागच्या पायांत बरेच अंतर असते. ढग चढताना दिसले, की दावे सोडून जनावरे गोठ्यात आणावीत. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास झाल्याशिवाय पुन्हा रानात जाऊ नये, मग ऊन का पडेना.