ड्रमर गेल्यावर

क्वीन मोठा की लेड झेपलिन? दीपनगरच्या कॉलनीत, वीजकेंद्राच्या चिमण्यांकडे बघत आम्ही तिघं यावर तासन्‌तास भांडायचो. क्वीनवाल्या मित्राचा हुकमी पत्ता पाचगणी. "फ्रेडी मर्क्युरी तिथं शिकला भो, शाळेतच 'द हेक्टिक्स' बँडमध्ये वाजवायचा. आपलाच माणूस!" मग मी १९७२ काढायचो : पेज आणि प्लांटने मुंबईत इथल्या वादकांबरोबर रेकॉर्डिंग केलं होतं. पण गाववाला निघाला म्हणून बँड मोठा होत नाही. १९८० मध्ये ड्रमर जॉन बॉनम गेला आणि झेपलिनने बँडच थांबवला. माझ्यासाठी निकाल तिथेच लागला. मित्राचं म्हणणं, फ्रेडीनंतरही वाजवत राहायला जास्त छाती लागते.

बाकावर ठेका धरणारा आमचा तिसरा नोकरीसाठी पुण्याला गेलाय. त्याच्याशिवाय कट्ट्यावर बसायचं की नाही, यावर सध्या आमचं वाजलंय.