ऐंशी यार्डांपलीकडे

मुलांच्या खेळांचा इतिहास मुले कधीच लिहीत नाहीत. त्यांना वेळ कुठला? तो लिहितात शेजारी, आणि तोही तक्रारीच्या रूपाने. आमच्या गिरगावातल्या चाळीच्या चौकात ‘येथे चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे’ अशी पाटी होती. आम्ही तिथे चेंडू खेळत होतो, याला तिच्याखेरीज दुसरा लेखी पुरावा नाही. फळकुटाच्या बॅटी बंबात गेल्या, चेंडू गॅलरीतल्या आजीबाईंनी जप्त केले. आमच्या पराक्रमाची नोंद राहिली ती त्या पाटीवर!

अशीच एक मनाई अमेरिकेत फार प्रसिद्ध झाली आहे. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पश्चिम भागात पिट्सफील्ड नावाचे गाव आहे. १७९१ साली तिथे नवे सभागृह उभे राहत होते. प्रार्थना तिथेच आणि गावाचा कारभारही तिथेच. इमारत मोठी, खिडक्या काचेच्या, आणि काच त्या काळी काही स्वस्त वस्तू नव्हती. तेव्हा गावकऱ्यांनी सभा भरवून ठराव केला, की या इमारतीपासून ऐंशी यार्डांच्या आत कोणीही चेंडूचा खेळ खेळू नये. खेळेल त्याला पाच शिलिंग दंड!

नुसते ‘चेंडूचे खेळ’ म्हणून ते भले गृहस्थ थांबले असते, तर इतिहासाचे मोठेच नुकसान झाले असते. पण त्यांना आपल्या पोरांची नस ठाऊक असावी. ‘आम्ही ते नव्हतो खेळत, हे खेळत होतो’, अशी पळवाट निघू नये म्हणून त्यांनी एकेका खेळाचे नाव घातले: विकेट, क्रिकेट, बेसबॉल, बॅटबॉल, फुटबॉल, कॅट आणि फाइव्ह्ज. फाइव्ह्ज म्हणजे चेंडू हाताने भिंतीवर मारायचा खेळ. नव्या कोऱ्या भिंतीचा मोह कोणाला आवरणार? कॅट या नावाचा एक खेळ तर लाकडाच्या निमुळत्या तुकड्यावर काठी मारून खेळत. आपल्या विटीदांडूचेच ते सख्खे भावंड. आणि जुन्या बेसबॉलच्या कित्येक तऱ्हांत धावणाऱ्या गड्याला चेंडू फेकून मारला की तो बाद होई. ज्याने लहानपणी आबाधोबीचा रट्टा पाठीवर खाल्ला आहे, त्याला या खेळाचे नियम समजावून सांगायला नकोत.

हा ठराव २००४ साली जॉन थॉर्न या इतिहासकाराच्या नजरेस पडला, आणि अमेरिकेत ‘बेसबॉल’ हा शब्द किती जुना आहे याचा मोठाच दाखला हाती आला. तोवर लोकांच्या मनात एक गोड दंतकथा होती, की न्यूयॉर्क राज्यातल्या कूपरस्टाउन गावी १८३९ साली अ‍ॅब्नर डबलडे याने हा खेळ शोधून काढला. खरे म्हणजे त्या साली डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात शिकत होता! शिवाय खुद्द कूपरस्टाउनमध्ये १८१६ सालीच दोन रस्त्यांवर चेंडू खेळायला बंदी झाली होती. दंड एक डॉलर. खेळाच्या जन्माआधी तेवीस वर्षे त्याच गावात चेंडूवर दंड, हे नवलच नव्हे काय?

मला मात्र राहून राहून कौतुक वाटते ते त्या ऐंशी यार्डांचे. मनाई करणाऱ्यांनी मोजून रेघ मारली. रेघेच्या अलीकडे काचा, पलीकडे मुले. पलीकडे खुशाल खेळा, असा त्या ठरावाचा न लिहिलेला अर्धा भाग आहे. रागावलेल्या मोठ्या माणसांनीही मुलांना जागा उरते एवढे पाहिले होते.

रॉचेस्टर शहराची गोष्ट मात्र निराळी. १८२५ साली ईरी कालवा पुरा झाला, तेव्हा हे त्याच्या काठचे गाव भराभर वाढत होते. पुढे राजकारणात नाव काढलेला थर्लो वीड तेव्हा तिथे वृत्तपत्रात होता. त्याच्या आत्मचरित्रात आठवण आहे, की गावात जवळजवळ पन्नास जणांचा बेसबॉल क्लब होता. अठरा वर्षांच्या पोरापासून चाळिशीच्या गृहस्थापर्यंत सारे दररोज दुपारनंतर खेळायला जमत. जागा म्हणजे धबधब्याच्या वरच्या अंगाला, नदीकाठचे आठदहा एकरांचे कुरण. पण आठवण लिहिताना तो जाता जाता सांगतो, की ती जागा आता भर वस्तीत गेली आहे. तिथे ना ठराव झाला, ना दंड बसला. कोणी कोणावर रागावलेसुद्धा नाही. नुसती घरे उठत गेली.

म्हणून मला वाटते, चेंडूचे खरे वैर खिडकीशी नाही. खिडकी फुटते, बोलणी बसतात, काच नवी बसते, आणि दुसऱ्या दिवशी खेळ पुन्हा सुरू होतो. मनाईच्या पाटीखाली मुले खेळू शकतात, नव्हे, तिथेच अधिक रंगून खेळतात. पण जिथे पाटी लावायलाही मोकळी जागा उरत नाही, तिथे ती खेळणार कुठे? आपली शहरे वाढत आहेत, वाढोत बापडी. नव्या इमारतीचा नकाशा पाहताना खोल्या किती, नळ किती, हे आपण चौकसपणे विचारतो. त्याच बैठकीत आणखी एक प्रश्न विचारायला काय हरकत आहे? ऐंशी यार्डांपलीकडे काय आहे?